पन्नाशीच्या आसपास एक्स्पेडाइटेड ट्रकचालक होऊ पाहणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओहायोत मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याच्या गुणवत्ता विभागात मी १७ वर्षे काम केले. तिथली नोकरी गेल्यावर, वयाच्या ४९ व्या वर्षी, मी ट्रकचा परवाना काढला. वर्षभराने माझ्या पत्नीनेही काढला. तेव्हापासून आम्ही दोघे एकाच गाडीवर तातडीचा माल वाहतो. अमेरिकेतील ओळखीची मराठी मंडळी, विशेषतः नोकरी गेलेली किंवा जाण्याची धास्ती असलेली, आम्हाला जे विचारतात त्याची उत्तरे येथे एकत्र लिहिली आहेत. येथे सांगितलेले नियम अमेरिकेचे केंद्रीय नियम आहेत. परवान्याचे शुल्क आणि कार्यालयीन पद्धत मात्र प्रत्येक राज्याची वेगळी असते.

तातडीचा, म्हणजे एक्स्पेडाइटेड, माल म्हणजे नेमके काय?

एक गाडी, एक गिऱ्हाईक, एक खेप, असा हा धंदा आहे. नेहमीच्या सुट्या मालाच्या वाहतुकीत माल एका गोदामात उतरतो, दुसऱ्या मालाबरोबर पुन्हा चढतो आणि काही दिवसांनी पोचतो. येथे माल ज्या गाडीत चढतो त्याच गाडीतून थेट मुक्कामी उतरतो, मग गाडीच्या २४ फुटी पेटीत एकच पॅलेट, म्हणजे लाकडी चौकटीवर रचून बांधलेला एकच गठ्ठा, का असेना.

कारखान्यात असताना हा धंदा मी पलीकडच्या बाजूने पाहिला होता. एका फेब्रुवारीत दाराच्या कुलपात बसणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिपांची एक तुकडी आमच्या तपासणीत नापास झाली. क्लिप बोटाच्या पेराएवढी आणि किंमत काही सेंट. पण ती नसेल तर कुलूप बसत नाही, कुलूप नाही तर दार नाही, आणि मोटार कंपनीची जुळणी थांबली तर त्या खोळंब्याचे पैसे पुरवठादाराच्या माथी येतात. बदली माल केंटकीहून पहाटे पावणेतीनला आला. ट्रकचे मागचे दार वर गेले तेव्हा त्या रिकाम्या पेटीच्या मध्यभागी, चारही बाजूंनी पट्ट्यांनी आवळलेले, कमरेएवढे एकच पॅलेट उभे होते. गाडी चालवत आलेली बाई पंचावन्नच्या पुढची होती आणि तिचा नवरा मागे झोपला होता. कागदावर सही करताना मी तिला सहज विचारले, तेव्हा कळले की ती २० वर्षे शाळेत शिक्षिका होती. माझ्या मनात हा पेशा त्या रात्री शिरला.

मोटारींच्या भागांखेरीज विमानांचे सुटे भाग, ठरावीक तापमानात ठेवावी लागणारी औषधे, प्रदर्शनांचे साहित्य, रुग्णालयांची यंत्रे आणि चित्रे-शिल्पेही अशीच जातात. धंद्याची मुळे ओहायोतच आहेत. आज फेडएक्स कस्टम क्रिटिकल नावाने ओळखली जाणारी कंपनी १९४७ साली अ‍ॅक्रनमध्ये रॉबर्ट्स या नावाने सुरू झाली, आणि पँथर ही दुसरी मोठी कंपनी मेडायनाची आहे. डेट्रॉइटपासून टोलिडो, डेटन, केंटकीपर्यंत आय-७५ महामार्गाच्या आजूबाजूला वाहन कारखाने एकमेकांच्या हाकेवर वसलेले असल्यामुळे हे घडले.

या वयात हे जमेल का?

जमेल. आंतरराज्य मालवाहतुकीसाठी किमान वय २१ आहे, आणि कमाल वयाची मर्यादा केंद्रीय नियमांत नाही. या शाखेत दुसरा पेशा म्हणून आलेले निवृत्त सैनिक, परिचारिका, शिक्षक, दुकानदार पुष्कळ भेटतात. याचे कारण माझ्या मते असे की येथे हाताच्या ताकदीपेक्षा सबुरी आणि पारख यांचे मोल जास्त आहे. बहुतेक खेपा डॉकवर, म्हणजे गोदामाच्या माल चढवायच्या फलाटावर, फोर्कलिफ्टने चढतात. आपले काम माल आवळणे, मोजणे, कागद तपासणे आणि वेळ पाळणे हे असते. तरीही पेटीत चढउतार करावी लागते, लिफ्टगेटवर, म्हणजे गाडीमागच्या वरखाली होणाऱ्या फळीवर, पॅलेट जॅक या हातगाड्याने एखाद टन माल सरकवावा लागतो, आणि रात्री दोनला उठून तीनला निघावे लागते. गुडघे आणि झोप या दोन गोष्टींची प्रामाणिक परीक्षा घेऊनच पुढे जावे.

माझ्याकडे एच-१बी व्हिसा आहे. मी हे काम करू शकतो का?

नाही. एच-१बीवर ज्या मालकाने अर्ज केला त्याचेच, त्याच पदाचे काम करता येते. सुट्टीच्या दिवशी ट्रक चालवून कमाई करणेही नियमभंग आहे. जोडीदाराच्या एच-४ कामपरवान्याच्या भरवशावरही बेत आखू नये. जे अमेरिकेचे नागरिक वा कायम रहिवासी नाहीत त्यांना मिळणाऱ्या व्यावसायिक परवान्याचे नियम केंद्रीय वाहतूक खात्याने सप्टेंबर २०२५ मध्ये एकदम आवळले, त्यावर न्यायालयात भांडण गेले, आणि त्याआधी ऑगस्ट २०२५ मध्ये परराष्ट्र खात्याने ट्रकचालकांसाठीचे कामाचे व्हिसा देणे थांबवले होते. ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व हाती आल्याशिवाय या पेशात एक डॉलरही गुंतवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

कोणत्या गाडीला कोणता परवाना लागतो?

येथे तीन प्रकारच्या गाड्या चालतात. पहिली कार्गो व्हॅन: स्प्रिंटर, ट्रान्झिट किंवा प्रोमास्टर. तिला साधा मोटारीचा परवाना पुरतो. गाडीचे ठरवून दिलेले एकूण वजन १०,००१ पौंडांच्या खाली असेल आणि घातक माल नसेल तर ड्रायव्हिंगच्या तासांचे केंद्रीय नियमही लागू होत नाहीत. ही मोकळीक गोड वाटते, पण व्हॅन घेणे सोपे म्हणून गर्दीही तिथेच सर्वांत जास्त आहे, आणि तासांची मर्यादा नाही म्हणून माणूस झोप मोडून चालवत राहतो. पन्नाशीतल्या माणसाला मी व्हॅनची शिफारस करत नाही.

दुसरी स्ट्रेट ट्रक, म्हणजे केबिन आणि पेटी एकाच चौकटीवर असलेली गाडी. तिच्या केबिनमागे झोपण्याची खोली असते आणि तिच्यामागे २२ ते २६ फुटांची पेटी. या शाखेचा कणा हीच. एकूण वजन २६,००० पौंडांपर्यंत असेल तर व्यावसायिक परवाना, म्हणजे सीडीएल, लागत नाही. पण डॉक्टरी दाखला आणि तासांचे नियम लागतात. २६,००१ पासून पुढे क्लास बी सीडीएल लागतो, आणि चांगल्या खेपा बहुतांशी या मोठ्या गाड्यांनाच मिळतात. तिसरी ट्रॅक्टर-ट्रेलर, तिला क्लास ए. मी स्वतः शिकतानाच क्लास ए घेतला आणि इतरांनाही तसेच सुचवतो, कारण त्यावर स्ट्रेट ट्रकही चालवता येतो आणि ही शाखा मंदावली तर नेहमीच्या मालवाहतुकीची दारे उघडी राहतात.

घातक मालाची, म्हणजे हॅझमॅटची, परवानगी जरूर काढावी. तिच्यासाठी बोटांचे ठसे देऊन वाहतूक सुरक्षा प्रशासनाची पार्श्वभूमी तपासणी करून घ्यावी लागते. रंग, बॅटऱ्या, एअरबॅगचे भाग असे पुष्कळसे वाहन उद्योगाचे साहित्य या सदरात मोडत असल्याने, ही परवानगी नसलेल्या गाडीच्या वाट्याला कमी खेपा येतात.

प्रशिक्षण कसे असते आणि परीक्षेत काय विचारतात?

७ फेब्रुवारी २०२२ पासून, पहिल्यांदा क्लास ए वा बी घेणाऱ्याला केंद्रीय नोंदवहीत नाव असलेल्या संस्थेतच प्रशिक्षण घ्यावे लागते. तासांची किमान संख्या नियमात नाही. प्रशिक्षकाने आपल्याला पात्र ठरवले पाहिजे. आधी लेखी परीक्षा देऊन शिकाऊ परवाना मिळतो आणि तो हाती आल्यापासून किमान १४ दिवस झाल्याखेरीज प्रत्यक्ष परीक्षा देता येत नाही. नोकरी गेलेल्यांनी एक गोष्ट आवर्जून करावी: जवळच्या अमेरिकन जॉब सेंटरमध्ये जाऊन पुनर्प्रशिक्षणाच्या सरकारी निधीची चौकशी करावी. माझ्या शुल्काचा मोठा भाग त्यातूनच सुटला.

प्रत्यक्ष परीक्षेचे तीन भाग असतात: गाडीची तपासणी, आवारातली हालचाल आणि रस्ता. बहुतेक मध्यमवयीन विद्यार्थ्यांना भीती वाटते ती मागे घेण्याची. नापास मात्र ते तपासणीत होतात, कारण तिथे प्रत्येक भागाला हात लावून त्याचे नाव आणि स्थिती मोठ्याने बोलावी लागते. त्यातही हवेच्या ब्रेकची कसोटी अशी आहे की तीत चुकले तर परीक्षा तिथेच संपते. गाडी जागीच राहील अशी तिला उटी लावून, इंजिन बंद करून, किल्ली पुन्हा फिरवून ब्रेकचे पेडल दाबून धरायचे आणि मिनिटभर हवेच्या दाबाच्या काट्याकडे पाहायचे: एकट्या गाडीत दाब ३ पीएसआयपेक्षा, आणि ट्रेलर जोडलेला असेल तर ४ पेक्षा, जास्त उतरता कामा नये. मग पेडल दाबत-सोडत दाब खाली आणायचा. ५५ च्या आत येण्यापूर्वी इशाऱ्याची घंटी वाजली पाहिजे, आणि पुढे २० ते ४५ च्या दरम्यान पार्किंग ब्रेकचा दट्ट्या आपोआप बाहेर उडाला पाहिजे. तो खट्ट आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा मी दचकलो होतो. आता रोज सकाळी तो ऐकल्याशिवाय माझा पाय क्लचवर जात नाही. शिकण्याच्या गाडीबाबत एक सूचना: ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर हाताचे गिअर असलेली गाडी चालवता येणार नाही, अशी नोंद परवान्यावर होते. आजच्या बहुतेक गाड्या ऑटोमॅटिक असल्याने ही अडचण मोठी नाही.

मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर?

आपल्या मंडळींचा हा सर्वांत कळीचा प्रश्न आहे. डॉक्टरी तपासणी केंद्रीय यादीतल्या परीक्षकाकडेच करावी लागते आणि दाखला जास्तीत जास्त २४ महिन्यांसाठी मिळतो. रक्तदाब १४०/९० च्या खाली असेल तर दोन वर्षांचा दाखला मिळू शकतो. वरचा आकडा १४० ते १५९ किंवा खालचा ९० ते ९९ असेल तर सहसा एका वर्षाचा मिळतो, आणि १८०/११० च्या पुढे गेल्यास तो आटोक्यात येईपर्यंत गाडी बंद. चष्म्यासह वा चष्म्याविना प्रत्येक डोळ्याची दृष्टी किमान २०/४० हवी आणि लाल, हिरवा, पिवळा हे रंग ओळखता आले पाहिजेत. कानांसाठी पाच फुटांवरून कुजबुजलेले ऐकू यावे लागते.

मधुमेह गोळ्यांवर असेल तर परवान्याला आडकाठी नाही, मात्र परीक्षक बहुधा दरवर्षी बोलावतो. इन्सुलिन घेणाऱ्यांना पूर्वी विशेष सवलतीसाठी केंद्राकडे अर्ज करावा लागे. नोव्हेंबर २०१८ पासून ती अट गेली. आता उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी ठरावीक अर्ज भरून, किमान तीन महिन्यांच्या साखरेच्या नोंदी पाहून, प्रकृती स्थिर असल्याचे लिहून द्यावे लागते आणि दाखला जास्तीत जास्त एका वर्षाचा मिळतो. घोरणे आणि वजन पाहून परीक्षक झोपेतील श्वासरोधाची तपासणी सांगू शकतो. ती आधीच आपणहून करून घेतलेली बरी. माझा रक्तदाब पहिल्या तपासणीच्या दिवशी १५२ निघाला होता. शाळेचे शुल्क भरण्यापूर्वी ही तपासणी करा, असे मी कळकळीने सांगतो. आमच्या वर्गातल्या एका गृहस्थांनी उलट क्रम केला आणि त्यांचे पैसे वाया गेले.

ज्या राज्यांत गांजा कायदेशीर आहे तिथेही सीडीएलधारकाला तो चालत नाही. नापास चाचणीची नोंद जानेवारी २०२० पासून सुरू झालेल्या केंद्रीय नोंदवहीत होते आणि प्रत्येक मालक ती पाहतो.

एकट्याने जावे की जोडीने?

तासांचा नियम पाहिला की उत्तर आपोआप कळते. सलग १० तास विश्रांती झाल्यावर १४ तासांचे घड्याळ सुरू होते. त्यात ११ तासच गाडी चालवता येते, ८ तास चालवल्यावर अर्ध्या तासाचा खंड घ्यावा लागतो, आणि ८ दिवसांत एकूण ७० तासांची मर्यादा असते. हे सारे डिसेंबर २०१७ पासून इलेक्ट्रॉनिक यंत्रात आपोआप नोंदले जाते. म्हणजे एकटा माणूस दिवसाला सुमारे ६०० मैलांच्या पुढे जाऊ शकत नाही. गिऱ्हाइकाला मिशिगनहून टेक्सासच्या लारेडोला, मेक्सिकोच्या सीमेवर, दुसऱ्या दिवशी माल हवा असतो, तेव्हा दोन चालकांची गाडीच लागते: एक चालवतो, दुसरा मागे झोपतो. मोठ्या खेपा जोडीच्याच असतात आणि त्यांतल्या बऱ्याच जोड्या नवरा-बायकोच्या असतात.

आता जे कोणी सांगत नाही ते सांगतो. चालत्या गाडीत झोपणे ही कला आहे आणि ती येईपर्यंत दोन-तीन महिने जातात. झोपण्याच्या बाकाला सुरक्षेची जाळी असते, ती लावून पडायचे. पुलाच्या सांध्यावरून चाक गेले की पाठीखाली धप्प होते, आणि जोडीदाराने ब्रेक जरा जोरात दाबला की मन जागे होते. माझ्या पत्नीने पहिल्या महिन्यात मला एकच वाक्य पुन्हा पुन्हा सांगितले, "तुम्ही थांबताना मला उठवू नका, थांबलेले मला कळू देऊ नका." मी तेव्हापासून ब्रेक हलका लावायला शिकलो. आठ फूट लांबीच्या खोलीत राग घेऊन बसायला जागा नसते. ज्या जोडप्याला घरात एका खोलीत दोन दिवस शांतपणे काढता येत नाहीत, त्यांनी आधी भाड्याच्या गाडीने पंधरा दिवसांचा प्रवास करून पाहावा आणि मगच परवान्याचा विचार करावा.

पैसे किती मिळतात?

ठोक उत्तर देता येत नाही, पण हिशेबाची रीत दाखवता येते. नवखा चालक सहसा दुसऱ्याच्या गाडीवर लागतो. या धंद्यात रूढ असलेल्या एका पद्धतीत गाडीच्या वाट्याला आलेल्या भाड्यातले ६० टक्के चालकांना आणि ४० टक्के गाडीमालकाला मिळतात. डिझेल चालकांनी भरायचे आणि डिझेलचा अधिभारही चालकांना मिळतो. समजण्यासाठी सोपे आकडे घेऊ. हे कोणत्याही कंपनीचे दर नव्हेत.

समजा, ६२० मैलांची खेप मिळाली आणि माल उचलायला ९० मैल रिकामे जावे लागले. गाडीला मैलाला २ डॉलर म्हणजे १,२४० डॉलर मिळाले. चालकांचा वाटा ७४४. अधिभार मैलाला ३५ सेंट धरला तर आणखी २१७. गाडी एका गॅलनला १० मैल देत असेल तर ७१० मैलांना ७१ गॅलन डिझेल लागले. गॅलन ४ डॉलर धरला तर २८४ गेले. हाती राहिले ६७७, म्हणजे माणशी ३३८ डॉलर ५० सेंट. एका दिवसाच्या कामाचे हे पैसे चांगले वाटतात. पण पुढची खेप दीड दिवसाने आली तर तीच रक्कम अडीच दिवसांची झाली: माणशी रोज सुमारे १३५ डॉलर, आणि त्यातून खाणे, धुणे, कर अजून वजा व्हायचे आहेत.

म्हणून मैलाच्या दराला भुलू नये. या धंद्यात उत्पन्न ठरवणाऱ्या खऱ्या गोष्टी दोन आहेत: दोन खेपांमध्ये किती तास गेले, आणि किती मैल रिकामे धावले. फ्लोरिडाला जाणारी खेप ऐकायला छान असते, परंतु तिथून बाहेर पडणारा तातडीचा माल कमी. उतरवून झाल्यावर तीन दिवस समुद्रकिनारी बसावे लागते किंवा अटलांटापर्यंत रिकामे यावे लागते. खेप नाकारायला शिकणे हे गाडी मागे घेण्याइतकेच महत्त्वाचे कौशल्य आहे, आणि आपल्या वयाच्या माणसाला ते तरुणापेक्षा लवकर साधते, कारण हातात रिकामा दिवस आला म्हणून तो घाबरून जात नाही. अट एवढीच की घरी सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवलेला असावा. तो नसेल तर माणूस पडेल ती खेप उचलतो आणि दर खेपेला थोडा थोडा बुडतो.

कर आणि आरोग्यविमा यांचे काय?

बहुतेक चालक येथे स्वतंत्र कंत्राटदार असतात. म्हणजे पगारातून कर कापला जात नाही, स्वयंरोजगाराचा १५.३ टक्के कर आणि वर आयकर, दर तिमाहीला आपण भरायचा असतो. जमा झालेल्या प्रत्येक रकमेतून एक चतुर्थांश वेगळ्या खात्यात टाकण्याची शिस्त माझ्या पत्नीने पहिल्या आठवड्यापासून लावली आणि तिनेच आम्हाला वाचवले. विमा सरकारी बाजारपेठेतून घ्यावा लागतो. जोडीदारापैकी एकाची विमा देणारी नोकरी चालू असेल तर पहिले वर्ष ती सोडू नये. आम्ही तसेच केले.

घराबाहेर राहिलेल्या दिवसांच्या जेवणखर्चाची दैनिक वजावट मिळते. ऑक्टोबर २०२४ पासून देशांतर्गत दर ८० डॉलर असून वाहतूकक्षेत्रातल्यांना त्यातले ८० टक्के वजा करता येतात. पण त्यासाठी कराच्या दृष्टीने आपले घर कुठेतरी असावे लागते. "आता ट्रकमध्येच राहणार, मग घर कशाला," असे म्हणून घर विकणाऱ्याची ही वजावट जाते. जाणत्या कर-सल्लागाराला विचारल्याखेरीज घराला हात लावू नये.

स्वतःचा ट्रक केव्हा घ्यावा?

पहिल्या वर्षी मुळीच नाही. निवृत्तीच्या खात्यातले पैसे मुदतीपूर्वी काढून तर कधीच नाही. दुसऱ्याच्या गाडीवर एक हिवाळा आणि एक मंदीचा जानेवारी काढल्यावर आपल्याला हे जीवन पेलते की नाही ते कळते, आणि तोपर्यंत नुकसान झाले तरी ते वेळेचे होते.

हप्त्यांवर ट्रक देऊन तुमच्याच कमाईतून हप्ते कापणाऱ्या योजनांपासून दूर राहावे. खेपा देणारा आणि हप्ते घेणारा एकच असला की चालकाच्या हाती काही उरत नाही. केंद्रीय प्रशासनाच्या ट्रक लीजिंग टास्क फोर्सने जानेवारी २०२५ च्या अहवालात अशा योजनांवर बंदी घालावी अशीच शिफारस केली आहे.

करार वाचताना काय पाहावे?

आपली गाडी कंपनीकडे लावणाऱ्या मालकाला केंद्रीय नियमांच्या ३७६ व्या भागाचे संरक्षण आहे. पोच दिल्याची कागदपत्रे सादर केल्यापासून १५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. मोबदला टक्केवारीने असेल तर गिऱ्हाइकाला लावलेल्या बिलाची प्रत पाहण्याचा हक्क आहे. अनामत ठेवलेली रक्कम करार संपल्यापासून ४५ दिवसांच्या आत, हिशेबासह परत मिळाली पाहिजे.

मात्र दुसऱ्याच्या गाडीवर केवळ चालक म्हणून लागलात तर हे संरक्षण तुमच्या आणि गाडीमालकाच्या व्यवहाराला लागू होत नाही, आणि नवखे लोक येथेच फसतात. आमच्या पहिल्या गाडीमालकाने आम्ही काम सोडताना शेवटच्या दोन आठवड्यांचे पैसे गाडीच्या सफाईच्या आणि एका ओरखड्याच्या नावाखाली अडवले. ओरखडा आधीचा होता, पण गाडी ताब्यात घेताना आम्ही छायाचित्रे काढली नव्हती आणि सोडताना काय कापले जाईल हे कुठेच लिहिलेले नव्हते. त्यानंतर आम्ही गाडी घेताना चारही बाजू, टायर, पेटीचा आतला भाग आणि मैलांचा आकडा यांची छायाचित्रे काढतो, ती त्याच दिवशी मालकाला पाठवतो, आणि शेवटच्या हिशेबाची मुदत कागदावर घेतल्याशिवाय किल्ली घेत नाही.

मधल्या वेळात काय करायचे?

वाट पाहायची. या पेशाचे अर्धे काम तेच आहे, आणि ज्यांना ते पटत नाही ते वर्षाच्या आत सोडून जातात. सुटे भाग घेऊन टेनेसीतल्या एका कारखान्याच्या दारी आपण सकाळी सहाला माल उतरवतो. मग जवळच्या ट्रक स्टॉपवर जागा धरून कंपनीला कळवायचे की गाडी रिकामी आहे. त्या भागात आपल्याआधी आणखी किती गाड्या उभ्या आहेत, हे यंत्रावर दिसते. अंघोळ, कपडे, जेवण, झोप उरकून घ्यायची, आणि झोप म्हणजे खरी झोप, कारण बोलावणे रात्री अकरालाही येते आणि तेव्हा ताजेतवाने असण्याचेच आपल्याला पैसे मिळतात. दिवसभर चित्रपट पाहून रात्री जांभया देणारा माणूस येथे टिकत नाही. खेपेचा निरोप आल्यावर हो-नाही सांगायला काही मिनिटेच असतात. त्यात अंतर, रिकामे मैल, आपले उरलेले तास आणि उतरण्याच्या गावाहून पुढे काय मिळेल याचा विचार करावा लागतो. आम्ही भिंतीवर देशाचा नकाशा लावून त्यावर, जिथून लवकर खेप मिळाली ती गावे हिरव्या आणि जिथे अडकलो ती लाल टाचणीने दाखवली आहेत. तीन वर्षांत तो नकाशा आमचा खरा सल्लागार झाला.

माझे मामा तासगावहून रात्रीतून मुंबईच्या बाजारात द्राक्षे नेत. पहाटेच्या लिलावाला गाडी पोचली नाही तर भाव पडतो, म्हणून ते दुपारी घराच्या पडवीत डोळ्यांवर टॉवेल टाकून झोपत आणि आम्हा मुलांना अंगणात गोंगाट करू देत नसत. त्या झोपेचा अर्थ मला पन्नाशीत कळला.

गाडी उभी करण्यासाठी जागा मिळते का?

संध्याकाळी सातनंतर मिळत नाही, असेच धरून चालावे. २००९ मध्ये साउथ कॅरोलायनात जेसन रिव्हनबर्ग हा चालक जागेअभावी एका बंद पडलेल्या पेट्रोलपंपावर थांबला असता लुटारूंनी त्याचा खून केला. त्याच्या नावाचा कायदा २०१२ मध्ये झाला, तरी जागांची टंचाई कायम आहे. निर्जन जागी, कितीही दमलेले असलो, तरी थांबू नये. मुक्काम कुठे करायचा हे दुपारीच ठरवावे.

हिवाळ्यात धोका किती?

बर्फाइतकाच वाऱ्याचा. आमच्या गाड्या उंच पेटीच्या आणि बहुतेकदा जवळजवळ रिकाम्या असतात. ८० हजार पौंडांचा भरलेला ट्रेलर जिथे टिकतो तिथे एक पॅलेट घेतलेली आमची पेटी आडवी होऊ शकते. वायोमिंगमध्ये आय-८० वर लॅरमी ते रॉलिन्सच्या पट्ट्यात हलक्या आणि उंच गाड्यांना रस्ता बंद असल्याचे फलक वारंवार लागतात. फलक लागला की थांबायचे, मग खेप कितीही तातडीची असो. गिऱ्हाइकाला कळवले की ते समजून घेतात. निदान आजवर आम्हाला कोणी रागावले नाही.

शाकाहारी माणसाचे कसे होते?

चांगले होते. झोपण्याच्या खोलीत लहान फ्रिज, इन्व्हर्टर आणि कुकर असतो. मुगाची खिचडी, मेतकूट, लोणचे, दही, भाजके शेंगदाणे यांवर आमचा आठवडा निघतो. आय-४० वर ओक्लाहोमा आणि टेक्सासच्या बाजूला पंजाबी चालकांसाठीचे ढाबे आहेत. तिथली गरम पोळी खाऊन डोळे भरून आल्याचे माझी पत्नी अजून सांगते. ट्रक स्टॉपवरचे तळलेले पदार्थ आणि गोड पेये मात्र मधुमेहाचे थेट आमंत्रण आहेत.

इंग्रजीची परीक्षा होते का?

वेगळी परीक्षा होत नाही, पण रस्त्यावरील तपासनीसाशी बोलता येणे आणि फलक वाचता येणे बंधनकारक आहे. २५ जून २०२५ पासून यात कमी पडणाऱ्या चालकाला जागीच गाडीवरून उतरवले जाते. आपल्याकडच्या नोकरदारांना अडचण येऊ नये. उच्चार कळला नाही तर न बावरता पुन्हा विचारावे.

इंजिनिअर होऊन ट्रक चालवणार, असे नातेवाईक म्हणतील त्याचे काय?

म्हणतात. माझ्या आईला सांगलीत शेजाऱ्यांना काय सांगावे हे वर्षभर कळत नव्हते. मी तिला पुण्यातल्या एका मोटार कारखान्याचे उदाहरण दिले: तिथली साखळी थांबली तर किती घरांचा दिवस बुडतो, आणि ती थांबू नये म्हणून रात्री कोणीतरी जागे असते, ते काम मी करतो. आता ती शेजाऱ्यांना सांगते की मुलगा आणि सून अडलेल्यांची कामे करतात. मुलांशी आधी बोलावे, कारण सण, वाढदिवस, शाळेतले कार्यक्रम हुकतात. आमची मुलगी विद्यापीठात गेल्यावरच आम्ही दोघे एकत्र निघालो. त्याआधी निघालो असतो तर ते चुकीचे झाले असते.

जमले नाही तर परत फिरता येते का?

येते, पण परवाना जिवंत ठेवावा. डॉक्टरी दाखल्याची मुदत टळू दिली तर राज्य व्यावसायिक परवाना खाली उतरवते. हॅझमॅटची पार्श्वभूमी तपासणी दर पाच वर्षांनी पुन्हा करावी लागते. दीर्घ खंड पडल्यास कंपन्या उजळणीचे प्रशिक्षण मागतात, म्हणून वर्षातून काही आठवडे तरी कोणाच्या तरी गाडीवर चालवत राहावे. मी जुन्या क्षेत्रातले गुणवत्ता तपासणीचे प्रमाणपत्रही दर मुदतीला नूतन करतो. घर आम्ही विकलेले नाही. वरचा मजला एका विद्यार्थी जोडप्याला भाड्याने दिला आहे आणि खालच्या दोन खोल्या आमच्याकडे आहेत. महिन्यातून पाच-सहा दिवस आम्ही तिथे असतो.